इंदूरचा आरेखक, निजामाचा मुसव्विर

इंदूरच्या रेसिडेन्सीतील बांधकाम खात्याच्या कचेरीत 1866 साली बावीस वर्षांचा एक तरुण रुजू झाला. नकाशे आखणे आणि बांधकामाच्या खर्चाचे अंदाज बांधणे, हे त्याचे काम. पूल किती कमानींचा, भिंतीला चुना किती, दगड कोठून आणायचा, या हिशेबात त्याचे दिवस जात. सुमारे वीस वर्षे त्याने ही नोकरी इमानाने केली. आज मात्र त्याने आखलेला एकही नकाशा कोणाच्या स्मरणात नाही. ग्वाल्हेरचा मानमंदिर महाल, सांचीची तोरणे, खजुराहोची मंदिरे आणि हैदराबादचा दरबार एकोणिसाव्या शतकात कसे दिसत होते, हे पाहू इच्छिणाऱ्याला मात्र त्याच्याच काचांकडे वळावे लागते. त्या तरुणाचे नाव लाला दीनदयाळ.

छायाचित्रकार म्हणून त्यांची कीर्ती मोठी आहे. त्या कीर्तीमागची एक गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. दीनदयाळ यांनी कॅमेरा हाती घेतला तो तिशीत, आणि त्याच्यावर पोट भरण्याचा निर्णय घेतला तो चाळिशीत. मधली दहा-अकरा वर्षे ते नोकरदार होते आणि विद्यार्थीही होते. छायाचित्रण हा पोटापाण्याचा धंदा होऊ शकतो का, हा प्रश्न आजही अनेक घरांत मुलांच्या शिक्षणाच्या वेळी निघतो. दीनदयाळ यांनी तो प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी, संसार आणि सरकारी पगार पणाला लावून सोडवला.

सरधना ते रुडकी

दीनदयाळ यांचा जन्म 1844 सालचा. त्याच वर्षी इंदूरच्या गादीवर दुसरे तुकोजीराव होळकर आले. पुढे या दोघांची गाठ पडायची होती. जन्मगाव मेरठजवळचे सरधना, म्हणजे बेगम समरूच्या जहागिरीमुळे इतिहासात नोंदले गेलेले गाव. घराणे जैन, जवाहिऱ्यांचे. खडा उजेडात धरून त्यातील दोष हेरणे हा त्या पेढीचा रोजचा व्यवहार. मुलगा मात्र पेढीवर बसला नाही. तो रुडकीला गेला.

रुडकीचे थॉमसन सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेज तेव्हा देशातील तांत्रिक शिक्षणाचे मोठे केंद्र होते. गंगेच्या कालव्याच्या प्रचंड कामासाठी माणसे हवीत, या गरजेतून 1847 मध्ये ते उभे राहिले. तेथे शिकणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांपुढे एक ठरलेली वाट असे: मोजणी शिकायची, आरेखन शिकायचे आणि बांधकाम खात्यात कनिष्ठ जागेवर चिकटायचे. वरच्या जागा बहुतेक गोऱ्यांच्या. दीनदयाळ याच वाटेने गेले. शिक्षण संपताच त्यांना इंदूरला मुख्य अंदाजक आणि आरेखक म्हणून जागा मिळाली.

रुडकीच्या शिक्षणाने त्यांना जे दिले ते कलाशाळेत मिळणारे नव्हते. इमारतीकडे पाहताना तिचा दर्शनी भाग, तिची बाजू आणि तिची खोली वेगवेगळी पाहायची. उभी रेघ उभीच राहिली पाहिजे आणि आडवी आडवीच. माप कळावे म्हणून चित्रात कोठेतरी माणूस असावा. ही शिस्त आरेखकाची असते. त्यांची वास्तूंची छायाचित्रे आज पाहिली तर हीच शिस्त प्रथम जाणवते. खांब झुकत नाहीत. शिखर चौकटीबाहेर निसटत नाही. सावली अशा वेळी पकडलेली असते की कोरीव कामाचा उठाव मोजता यावा. नकाशाच्या टेबलावर तयार झालेला डोळा कॅमेऱ्यामागे गेला, एवढाच फरक.

शिकायचे कोठे?

छायाचित्रणाची कला युरोपात 1839 मध्ये जाहीर झाली आणि थोड्याच काळात हिंदुस्थानात पोहोचली. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात सक्रिय होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा व्यवसाय थाटला. म्हणजे छायाचित्रण शाळेत शिकता येते आणि हिंदी माणूस त्यावर दुकान चालवू शकतो, हे मुंबईत तेव्हाच सिद्ध झाले होते.

इंदूरची गोष्ट वेगळी होती. तेथे ना असा वर्ग होता ना अशी सोसायटी. दीनदयाळ यांनी 1874 मध्ये हौशी म्हणून छायाचित्रण सुरू केले, ते कचेरीच्या कामातून उरलेल्या वेळात. आणि ती हौस स्वस्त नव्हती. कॅमेरा, भिंगे, काचा आणि रसायने विलायतेहून येत. 1874 च्या आरंभी इंदूरला रेल्वे पोहोचलेली नव्हती, त्यामुळे शेवटचा टप्पा घाट चढून गाडीने पार करावा लागे. वाटेत काच फुटली किंवा बाटली सांडली, तर पुन्हा कित्येक आठवडे वाट पाहणे आले.

त्या काळी छायाचित्र घेणे म्हणजे काय, हे समजल्याशिवाय या शिकण्याचे मोल कळत नाही. तेव्हाची पद्धत ओल्या काचेची. स्वच्छ काच घ्यायची, तिच्यावर कोलोडियन नावाचे चिकट द्रावण एका हाताने ओतून, काच हलक्या हाताने तिरकी करत चारही कोपऱ्यांपर्यंत सारखे पसरायचे. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, म्हणजे ती प्रकाशाला संवेदनशील होते. ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालायची, भिंगावरचे झाकण काढून सेकंद मोजायचे आणि झाकण लावताच पुन्हा अंधाऱ्या तंबूत धावायचे. काच वाळण्याआधी चित्र उमटवून पक्के केले तरच ते मिळे. एवढ्या साऱ्याला हाती असत अवघी दहा-पंधरा मिनिटे. माळव्याच्या उन्हाळ्यात द्रावणातील ईथर झपाट्याने उडून जाई आणि ती मिनिटे आणखी कमी होत. धुळीचा एक कण बसला तरी आकाशात काळा ठिपका उमटे. सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी पडत आणि ती काळिमा दिवसेंदिवस जात नसे.

चित्र मोठे हवे असेल तर काचही तेवढीच मोठी लागे. लहान काचेवरून मोठे चित्र काढण्याची सोय व्यवहारात जवळजवळ नव्हती. अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या कागदावर काच दाबून ठेवायची, उन्हात चित्र उमटू द्यायचे, मग सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात त्याला रंग चढवायचा, असा छपाईचा क्रम होता. मंदिराचे एक चित्र घ्यायचे तर बैलगाडीभर सामान, पाण्याची सोय, अंधाराचा तंबू आणि मदतीला चार माणसे लागत. या कामाला रसायनाची जाण, हाताची सफाई आणि लष्करी धर्तीची तयारी हवी. बांधकाम खात्यातील माणसाला तयारीची सवय होती. बाकीचे त्याने करता करता शिकून घेतले.

होळकरांची राजधानी आणि रेसिडेन्सी

इंदूरमध्ये तेव्हा दोन सत्ता शेजारी शेजारी नांदत. एकीकडे होळकरांचा राजवाडा, दुसरीकडे मध्य भारत एजन्सीची रेसिडेन्सी. दीनदयाळ नोकरीने रेसिडेन्सीकडचे, पण त्यांच्या हौसेला पहिले प्रोत्साहन मिळाले ते तुकोजीराव होळकरांकडून. महाराजांच्या आश्रयामुळे त्यांचा परिचय सर हेन्री डेली यांच्याशी झाला. डेली हे मध्य भारतातील गव्हर्नर-जनरलचे एजंट. इंदूरचे डेली कॉलेज आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. संस्थानिक आणि एजंट या दोघांचाही विश्वास मिळाल्यामुळे कचेरीतल्या आरेखकाला अशी दारे उघडली जी धंदेवाईक छायाचित्रकारालाही सहज उघडत नसत.

व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांचे छायाचित्र घेण्याची संधी त्यांना आरंभीच्या काळातच मिळाली. 1875-76 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हाही दीनदयाळ यांच्या कॅमेऱ्याने त्यांना टिपले. शिकायला लागून जेमतेम दोन वर्षे झाली होती. इंदूरमध्ये त्यांनी स्टुडिओही थाटला. नोकरी मात्र सुटलेली नव्हती.

त्यांच्या शिक्षणाला खरे वळण मिळाले ते पुढच्या एजंटच्या काळात. सर लेपेल ग्रिफिन हे प्राचीन वास्तूंची आस्था असलेले अधिकारी होते. 1882 मध्ये ते बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा त्यांनी दीनदयाळ यांना बरोबर घेतले. ग्वाल्हेर, ओर्छा, दतिया, खजुराहो अशी एकाहून एक अवघड ठिकाणे होती. ग्वाल्हेरचा किल्ला तेव्हा शिंद्यांच्या ताब्यात नव्हता. 1858 पासून तेथे इंग्रजांची शिबंदी होती आणि तो जयाजीराव शिंद्यांना परत मिळाला तो 1886 मध्ये. सांचीच्या स्तूपाची डागडुजी नेमकी त्याच वर्षांत चालू होती. पडझड आणि दुरुस्ती यांच्या मधल्या क्षणी या वास्तू दीनदयाळ यांच्या काचेवर उतरल्या. अशा चित्रांचे मोल निव्वळ सौंदर्याचे नसते. दुरुस्तीनंतर जे बदलले ते आधी कसे होते, याचा तो पुरावा असतो.

या दौऱ्यातील चित्रांवर आधारलेला मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंविषयीचा ग्रिफिन यांचा ग्रंथ 1886 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. मजकूर एजंटचा, चित्रे आरेखकाची. वास्तूंच्या छायाचित्रणात तोवर दबदबा होता तो सॅम्युअल बोर्न यांच्यासारख्या इंग्रज छायाचित्रकारांचा आणि त्यांच्या बोर्न अँड शेफर्ड या पेढीचा. इंदूरच्या कचेरीतला माणूस आता त्यांच्या पंक्तीला येऊन बसला.

पगार की कॅमेरा

दौरा संपला आणि अडचण सुरू झाली. काचांचा ढीग साठला होता, त्यांवरून प्रती काढायच्या होत्या, अपुरी मालिका पूर्ण करायची होती, आणि हे सारे कचेरीच्या वेळेबाहेर होण्यासारखे राहिले नव्हते. दीनदयाळ यांनी दोन वर्षांची रजा घेतली. रजेचा हा मार्ग त्यांच्या स्वभावाला साजेसा होता. त्यांनी भावनेच्या भरात राजीनामा दिला नाही. आधी अंदाज बांधला. दोन वर्षांत कॅमेऱ्यावर घर चालते का, हे पाहिले. नंतरच नोकरी सोडली.

त्या काळात सरकारी नोकरी सोडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पगार थोडा असला तरी बांधलेला असे, शेवटी निवृत्तिवेतन असे आणि समाजात मान असे. छायाचित्रणात यातले काहीच बांधलेले नव्हते. गिऱ्हाईक मोठे, पण पैसे देईल तेव्हा खरे. शिवाय वय चाळिशीचे आणि मागे कुटुंब. ज्ञानचंद आणि धरमचंद ही त्यांची मुले पुढे याच धंद्यात आली. पण त्या घडीला वडिलांचा निर्णय त्यांच्याही भविष्यावर लागलेला डाव होता.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने घडत होती. ओल्या काचेची जागा जिलेटिनची कोरडी काच घेऊ लागली होती. ती आधीच तयार करून ठेवता येई, प्रवासात नेता येई आणि घेतलेले चित्र सवडीने अंधाऱ्या खोलीत उमटवता येई. तिला प्रकाशही कमी वेळ लागे, त्यामुळे हलणारी माणसे, घोडे, सैन्य टिपणे शक्य झाले. ज्यांनी ओल्या काचेवर हात बसवला होता त्यांना ही नवी सोय वरदान ठरली. 1885-86 च्या हिवाळ्यात दिल्लीजवळ झालेल्या मोठ्या लष्करी कवायतींची छायाचित्रे दीनदयाळ यांनी घेतली. 1885 मध्येच लॉर्ड डफरिन यांनी त्यांना व्हाइसरॉयचे छायाचित्रकार नेमले. ज्या सरकारच्या कचेरीत ते खालच्या जागेवर होते, त्याच सरकारच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या नावाचा किताब आता त्यांच्या पाटीवर आला.

हैदराबादची दारे

त्याच सुमारास त्यांच्या आयुष्यात हैदराबाद आले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी 1884 मध्ये राज्याची सूत्रे हाती घेतली होती. ते तरुण होते, शिकारीचे आणि नव्या वस्तूंचे शौकीन होते. त्यांनी दीनदयाळ यांना दरबारी छायाचित्रकार नेमले. 1886 मध्ये सिकंदराबादेत स्टुडिओ उघडला आणि माळव्यातला मुक्काम दख्खनेत हलला.

निजामाच्या दरबारातील समारंभ, वाड्यांची दालने, फलकनुमाचे वैभव, सैन्याची संचलने, पाहुणे, मेजवान्या आणि शिकारी यांची नोंद पुढची दोन दशके त्यांच्या काचांवर होत राहिली. 1902 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि त्यांच्या पत्नी हैदराबाद संस्थानात शिकारीला आले, तेव्हाचे मारलेल्या वाघासह घेतलेले त्यांचे चित्र आजही त्या काळाची खूण म्हणून पुन्हा पुन्हा छापले जाते. 1894 मध्ये निजामांनी त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. जंग हा प्रत्यय दरबारात सरदारांना मिळे. तो कॅमेऱ्याच्या माणसाला मिळाला, यातच त्या दरबाराने या नव्या कसबाला दिलेली जागा दिसते.

तरीही राजाश्रय म्हणजे धंदा नव्हे, हे दीनदयाळ जाणून होते. स्टुडिओ चालला तो कामाच्या विभागणीवर. चित्र घेणारा वेगळा, काच उमटवणारा वेगळा, काचेवरील दोष बारीक कुंचल्याने आणि पेन्सिलीने झाकणारा वेगळा, छपाई करणारा, सोन्याचा रंग चढवणारा, पुठ्ठ्यावर चिकटवणारा, हाताने रंग भरणारा, आणि या सगळ्यांच्या नोंदी ठेवणारा कारकून. छायाचित्रण म्हणजे एकट्या छायाचित्रकाराचे काम नव्हे, त्यात निदान आठ-दहा निरनिराळे व्यवसाय दडलेले आहेत, ही गोष्ट या स्टुडिओत रोज दिसत असे. ज्याचा डोळा चांगला पण बोलणे कमी, त्याला दुरुस्तीच्या टेबलावर जागा होती. ज्याला रसायनाची आवड, त्याला अंधाऱ्या खोलीत. मुलगे आणि उमेदवार येथेच हाताखाली शिकले.

त्यांच्या छापील चित्रांच्या तळाशी बारीक अक्षरांत क्रमांक, स्थळाचे नाव आणि दीनदयाळ हे नाव आढळते. ही अक्षरे काचेवरच लिहिलेली असत. प्रत्येक काचेला क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकाची नोंद, ही पद्धत बांधकाम खात्याच्या दप्तराची. गिऱ्हाईक वर्षांनी परत आले आणि जुन्या चित्राची प्रत मागितली तर ती काढून देता येई. याच पद्धतीमुळे शंभर वर्षांनंतर अभ्यासकांना कोणते चित्र कोठले, हे ओळखता आले.

पडद्याआडचा स्टुडिओ

हैदराबादेत आणखी एक अडचण होती, आणि तीच संधीही ठरली. उच्चकुलीन स्त्रिया पडद्यात राहत. पुरुष छायाचित्रकारापुढे त्या बसणार नाहीत, हे उघड होते. म्हणजे शहरातील श्रीमंत घराण्यांतील निम्मी माणसे स्टुडिओच्या गिऱ्हाइकीतून वगळली जात होती, आणि त्यांचे चेहरे काळातूनही पुसले जात होते.

1892 मध्ये दीनदयाळ यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. त्याची व्यवस्था केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंकडे होती. आवार उंच भिंतींनी बंद, आतली व्यवस्था पूर्णपणे स्त्रियांच्या हाती. कॅमेऱ्यामागे बाई असली तर कॅमेऱ्यापुढे येण्यात संकोच राहत नाही, हा साधा विचार त्या काळात फार थोड्यांना सुचला. छायाचित्रण हा स्त्रीचाही व्यवसाय होऊ शकतो, ही गोष्ट या स्टुडिओने वाद न घालता दाखवून दिली.

मुंबई आणि दुष्काळ

1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या चित्रांना पारितोषिक मिळाले. 1896 मध्ये त्यांनी मुंबईत, फोर्टातील हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, स्टुडिओ उघडला. देशातील सर्वांत थाटाच्या स्टुडिओंत त्याची गणना होई. गोरे अधिकारी, पारशी आणि गुजराती व्यापारी, संस्थानिक असे सारे तेथे येत. 1897 मध्ये व्हिक्टोरिया राणीकडून शाही छायाचित्रकाराची सनद मिळाली. तिशीत हौस म्हणून कॅमेरा उचललेल्या माणसाला या धंद्यात मिळवण्यासारखे आता फारसे काही उरले नव्हते.

पण याच वर्षांत त्यांच्या स्टुडिओने असेही काम केले ज्यात वैभवाचा लवलेश नव्हता. 1899-1900 चा दुष्काळ पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात भयंकर होता. विक्रम संवत 1956 वरून छप्पनचा दुष्काळ म्हणून त्याची आठवण कित्येक पिढ्या टिकली. निजामाच्या राज्यातील मराठवाडाही त्यात होरपळला. औरंगाबाद भागात सरकारने दुष्काळी कामे काढली, अन्नवाटप सुरू केले. त्या मदतकार्याची छायाचित्रे दीनदयाळ यांच्या स्टुडिओने घेतली.

ही चित्रे दरबारासाठी होती, सरकारने काय केले हे दाखवण्यासाठी होती. चौकटी नीटनेटक्या आहेत; माणसे ओळीने बसवलेली आहेत. तरीही वाळलेली शरीरे, बरगड्या दिसणारी मुले आणि अन्नाच्या रांगेतले डोळे काचेने लपवले नाहीत. ज्या हातांनी फलकनुमाची झुंबरे टिपली त्याच हातांनी मराठवाड्याची भूक टिपली. छायाचित्रकार कोणाच्या पैशाने चित्र घेतो आणि चित्र शेवटी कोणाची साक्ष देते, या दोन गोष्टी नेहमीच एक नसतात, हे या चित्रांतून कळते. त्या गावांतील अनेक घराण्यांजवळ आपल्या त्या पिढीची दुसरी कोणतीही प्रतिमा नाही.

उतरता काळ

1903 च्या दिल्ली दरबाराची छायाचित्रे घेण्यात दीनदयाळ यांचा स्टुडिओ पुढे होता. पण घरावर दुःख कोसळायचे होते. 1904 मध्ये धरमचंद यांचे निधन झाले. जो मुलगा धंद्याचा उद्याचा आधार तोच गेला. पुढच्याच वर्षी, 5 जुलै 1905 रोजी, मुंबईत दीनदयाळ यांनीही जगाचा निरोप घेतला. वय साठ-एकसष्टचे होते.

ज्ञानचंद यांनी काम पुढे चालवले. पण काळ बदलत होता. 1911 मध्ये महबूब अली खान यांचे निधन झाले आणि मोठा आश्रयदाता हरपला. हातात धरता येण्याजोगे, फिल्मचे कॅमेरे सर्वसामान्यांच्या घरी पोहोचू लागले होते. ज्यासाठी पूर्वी बैलगाडीभर सामान लागे ते आता खिशात मावू लागले. दरबारी चित्रांवर उभी राहिलेली पेढी हळूहळू ओसरली. राजाश्रयाने जो धंदा वर नेला त्याला त्याच आश्रयाच्या अंताने खाली आणले, ही या कथेतील दुसरी बाजूही विसरता येत नाही. दीनदयाळ यांनी इंदूर, सिकंदराबाद आणि मुंबई अशी तीन ठिकाणे उभारली ती बहुधा याच धोक्याची जाणीव ठेवून. पण पिढी बदलल्यावर ती शहाणीवही पुरी पडली नाही.

काचा मात्र टिकल्या. कुटुंबाने जपलेल्या 2857 काचा 1989 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतल्या. 2006 मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. आज या काचांवर उमटलेल्या वास्तूंपैकी काहींचे रूप पार बदलले आहे आणि काही माणसांची नावेही हरवली आहेत. पण काचेच्या कडेला, इंदूरच्या कचेरीत घटवलेल्या शिस्तीने लिहिलेला क्रमांक अजून वाचता येतो.